कॉफीच्या डब्यातून निघालं रणगाडे वाहणारं यान : हॉवरक्राफ्टच्या जनकाची गोष्ट

मोबाइलवर असा व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल. समुद्रातून एक भलंमोठं यान पाण्याचे फवारे उडवत येतं. आता किनाऱ्याला लागून थांबेल असं वाटतं, पण ते थांबत नाही. तसंच सरळ वाळूवर चढतं, थोडं पुढं जाऊन खाली बसतं, पुढचं फळकूट आडवं पडतं आणि पोटातून रणगाडा बाहेर येतो. मागून जवान धावत सुटतात. या यानाला हॉवरक्राफ्ट म्हणतात.

जगातल्या मोठमोठ्या फौजा आज हे यान वापरतात. पण ज्या माणसाच्या डोक्यातून ते निघालं, तो कोणी सेनापती नव्हता की मोठा कारखानदारही नव्हता. तो होता भाड्यानं होड्या देण्याचा धंदा करणारा, आणि त्या धंद्यात फारसा पैसा न मिळालेला एक इंग्रज इंजिनिअर. नाव ख्रिस्तोफर कॉकरेल. त्यांचा पहिला प्रयोग दोन रिकाम्या पत्र्याच्या डब्यांवर आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर झाला.

कॉकरेल यांचा जन्म ४ जून १९१० रोजी इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात झाला. घर पुस्तकांचं आणि चित्रांचं. वडील सिडनी कॉकरेल हे तिथल्या फिट्झविल्यम या नामांकित संग्रहालयाचे प्रमुख होते. आई फ्लॉरेन्स जुन्या पद्धतीनं पुस्तकांची पानं रंगवणारी, नाव असलेली चित्रकार. घरी येणारे-जाणारेही मोठे लोक. नाटककार बर्नार्ड शॉ यायचे, अरबस्तानातल्या लढाईमुळं गाजलेले टी. ई. लॉरेन्स यायचे. पण पोराचं लक्ष साहित्याच्या गप्पांत नसायचं. लॉरेन्स आले की त्याला ओढ असायची ती त्यांच्या मोटारसायकलची. आईच्या शिवणयंत्राला वाफेचं छोटं इंजिन जोडण्याचा उद्योगही त्यानं केला होता.

वडिलांना हे फारसं रुचायचं नाही. मुलगा विद्वान होईल अशी त्यांची अपेक्षा, आणि हा हात काळे करून बसलेला. आपल्याकडं पोरगं दिवसभर गॅरेजवर बसलं की बाप जसा चिडतो, तशातलाच हा प्रकार.

शाळा संपल्यावर ख्रिस्तोफरनं केंब्रिजच्याच पीटरहाऊस कॉलेजात इंजिनिअरिंग केलं. थोडे दिवस बेडफर्डच्या एका इंजिन कारखान्यात काम केलं, परत येऊन रेडिओवर संशोधन केलं आणि १९३५ मध्ये मार्कोनी कंपनीत लागला. रेडिओ क्षेत्रातली ही त्या काळची मोठी कंपनी. १९३७ मध्ये मार्गारेट बेल्शम यांच्याशी लग्न झालं, पुढं दोन मुली झाल्या. दुसऱ्या महायुद्धात कॉकरेल यांच्याकडं रडारचं आणि विमानांना दिशा दाखवणाऱ्या उपकरणांचं काम होतं. मार्कोनीत असताना त्यांच्या नावावर ३६ पेटंट जमा झाली. हॉवरक्राफ्ट काढलं नसतं, तरी रडारच्या कामावर त्यांचं नाव राहिलं असतं. स्वतः कॉकरेलही त्या कामाला फार मानायचे.

पण नोकरीत मन रमेना. पत्नीला वडिलांकडून काही पैसा आला होता. त्यातून दोघांनी इंग्लंडच्या पूर्व भागात, नॉरफोकच्या बाजूला, होड्या आणि कॅराव्हॅन भाड्यानं देणारी रिपलक्राफ्ट नावाची छोटी कंपनी घेतली. तो भाग उथळ तळी, कालवे आणि संथ नद्यांचा. सुट्टीत लोक तिथं होड्या घेऊन फिरतात. पन्नाशीच्या सुरुवातीला कॉकरेल यांनी चांगली पगाराची नोकरी सोडली आणि पूर्णवेळ या धंद्यात उतरले. वय चाळिशीच्या घरात, दोन मुली, आणि धंदा जेमतेम.

होडी जोरात का जात नाही?

होड्या बांधता बांधता त्यांना एका प्रश्नानं धरलं. होडीला इंजिन कितीही मोठं लावा, वेग म्हणावा तसा वाढत नाही. कारण उघड आहे. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस आणि बांधावरून चालणारा माणूस यांची शर्यत लावून बघा. पाणी पाय धरून ठेवतं. होडीचंही तसंच, इंजिनाची बरीचशी ताकद पाणी बाजूला सारण्यातच जाते. मग होडी आणि पाणी यांच्या मधे हवेचा थर घातला तर?

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. इंग्लंडमधल्या थॉर्निक्रॉफ्ट या जहाजबांधणी करणाऱ्यानं एकोणिसाव्या शतकातच असं काही सुचवलं होतं. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या नौदलानं हवेच्या गादीवर चालणारी एक बोट करून पाहिली. रशियात लेवकोव्ह नावाच्या इंजिनिअरनं १९३० नंतरच्या दशकात लष्करासाठी अशी यानं पाण्यावर पळवूनही दाखवली. अडचण एकच होती. यानाखाली भरलेली हवा कडेनं निसटून जायची. ती टिकवायची तर सारखा प्रचंड वारा भरत राहावा लागायचा.

कॉकरेल यांनी तोडगा काढला तो असा. कॉफीचा एक मोठा रिकामा डबा घेतला. त्याच्या आत मांजराच्या खाण्याचा छोटा रिकामा डबा बसवला. दोन्ही डब्यांच्या मधे चारी बाजूंनी फट राहिली. वरून हवा फुंकणारं यंत्र लावलं आणि डब्यांचं तोंड खाली करून ते वजनकाट्यावर धरलं. हवा त्या गोल फटीतून कडं करून खाली येऊ लागली. बाहेरचं हे हवेचं कडं भिंतीसारखं काम करत होतं. आतली हवा त्याच्यात कोंडली जात होती, निसटत नव्हती. नुसता एक डबा धरल्यावर काटा जेवढा दबायचा, त्याच्यापेक्षा या जोडडब्यानं तो कितीतरी जास्त दबला. म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात जास्त वजन उचललं जाणार होतं.

हे साल होतं १९५५. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॉकरेल यांनी पेटंटसाठी अर्ज केला. हलक्या लाकडाचं एक चालतं मॉडेलही बनवलं. ते जमिनीवर चालायचं, गवतावर चालायचं, पाण्यावरही चालायचं. हॉवरक्राफ्ट हे नावही त्यांनीच दिलं.

हे आमच्या खात्याचं नाही

मॉडेल घेऊन कॉकरेल जहाज कंपन्यांकडं गेले. त्यांना हे विमानासारखं वाटलं. विमान कंपन्यांकडं गेले, तर त्यांना ते जहाज वाटलं. शेवटी ते सरकारच्या दारात गेले. लंडनच्या सरकारी कचेरीतल्या गालिच्यावर त्यांचं छोटं यान फिरलं. साहेब लोकांनी पाहिलं. मग नौदलाचं म्हणणं पडलं की हे उडतं, म्हणजे विमान आहे, आमचा संबंध नाही. हवाई दलाच्या मते ती बोट होती. लष्कराला त्यात रसच नव्हता. रस्ता बांधकाम खात्याचा की जिल्हा परिषदेचा, या वादात खड्डा तसाच राहतो. ती गत झाली.

बरं, नको तर नको म्हणून सोडून तरी द्यावं. तेही नाही. हा शोध लष्कराच्या उपयोगाचा ठरू शकतो म्हणून सरकारनं तो गुप्त यादीत टाकला. म्हणजे स्वतः वापरायचा नाही, आणि कॉकरेल यांनी तो दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही, विकायचा नाही, त्यावर बोलायचंही नाही. वर्ष उलटलं तरी कागद कुलपातच. इकडं धंद्यात चणचण होतीच, त्यात प्रयोगांचा खर्च. घरातल्या वस्तू विकून कॉकरेल यांनी तो भागवला. या सगळ्या काळात मार्गारेटबाईंनी घर कसं सांभाळलं असेल, याचा हिशेब कुठल्या पेटंटात सापडत नाही.

खरं तर ज्यांना हे यान नको होतं, त्यांनाच त्याची सगळ्यात जास्त गरज होती. समुद्रातून शत्रूच्या किनाऱ्यावर फौज उतरवणं हे लढाईतलं फार अवघड काम. महायुद्धात त्यासाठी सपाट तळाच्या बोटी असायच्या. त्या किनाऱ्याजवळ जाऊन फळी टाकायच्या आणि जवान पाण्यात उड्या मारायचे. पण बोट कुठंही लागत नाही. उतार बरोबर हवा, भरती-ओहोटीची वेळ साधायला हवी, मधे खडक किंवा वाळूचा बांध नको. नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रशांत महासागरातल्या तारावा बेटावर अमेरिकेचं गणित चुकलं. पाणी अपेक्षेएवढं चढलं नाही. बोटी प्रवाळाच्या खडकावर अडकल्या. मरीन जवानांना शेकडो यार्ड पाण्यातून चालत, समोरून येणाऱ्या गोळ्या झेलत जावं लागलं. अवघ्या तीन-चार दिवसांच्या त्या लढाईत सुमारे हजार अमेरिकन मेले. खडक, चिखल, वाळू, उथळ पाणी यांच्यावरून न थांबता जाणारी बोट त्या दिवशी असती, तर काय झालं असतं याचा विचार कुणीही करावा. आणि अशा बोटीचा कागद बारा वर्षांनी इंग्लंडच्या सरकारी कपाटात पडून होता.

१९५८ मध्ये गुप्ततेचा शिक्का उठला. नव्या शोधांना पैसा पुरवणारं एक सरकारी महामंडळ तिथं होतं, ते पुढं आलं. वाइट बेटावरच्या साँडर्स-रो या विमान कंपनीला यान बांधायचं काम मिळालं. काम झपाट्यानं झालं. ११ जून १९५९ रोजी एसआर-एन वन हे पहिलं मोठं हॉवरक्राफ्ट लोकांसमोर आलं. वजन चार टनांच्या आसपास. दिसायला एखादी मोठी परात उलटी ठेवल्यासारखं, मधोमध धुराड्यासारखा पंख्याचा गोल.

सहाच आठवड्यांनी, २५ जुलै १९५९ ला, या यानानं फ्रान्समधल्या कॅलेपासून इंग्लंडच्या डोव्हरपर्यंत इंग्लिश खाडी ओलांडली. बरोबर ५० वर्षांपूर्वी त्याच तारखेला ब्लेरिओनं पहिल्यांदा विमानानं ही खाडी पार केली होती, म्हणून तो दिवस धरला. यान चालवत होते पीटर लॅम्ब, सोबत इंजिनिअर जॉन चॅप्लिन. तिसरे कॉकरेल. त्यांची जागा आत नव्हती. ४९ वर्षांचा हा शोधकर्ता बाहेर उघड्या फळीवर उभा होता. यानाचा तोल राहावा म्हणून जिवंत वजन म्हणून तो इकडून तिकडं सरकत होता. दोन तासांच्या थोड्या वर वेळ लागला, आणि यान डोव्हरच्या वाळूवर चढून थांबलं.

त्यानंतर सगळ्यांचे डोळे उघडले. सप्टेंबरमध्ये फार्नबरोच्या विमान प्रदर्शनात याच यानावर सगळ्या सरंजामासह १२ मरीन जवान चढवून दाखवले. यान किंचित खाली बसलं, पण चाललं. ज्या फौजेला रस नव्हता, तिचेच जवान आता त्याच्यावर उभे होते. डिसेंबरमध्ये राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप आले आणि स्वतः चालवायला बसले. इतकं जोरात पळवलं की यानाच्या पुढच्या भागाला पोचा पडला. तो पोचा नंतर दुरुस्त केलाच नाही. राजघराण्याचा पोचा म्हणून तसाच मिरवला.

एक उणीव होती. यान जमिनीपासून जेमतेम वीतभर वर तरंगायचं. लाट मोठी आली किंवा दगड आडवा आला की आपटायचं. लॅटिमर-नीडहॅम या इंजिनिअरनं त्याच्या कडेला रबरी कापडाचा घागरा लावण्याची युक्ती काढली. त्यालाच स्कर्ट म्हणतात. हवा घागऱ्यात कोंडायला लागली आणि यान तीन-चार फुटांचे अडथळे ओलांडू लागलं. आज व्हिडिओत यानाच्या खाली जो काळा फुगलेला भाग दिसतो, तो हाच. हॉवरक्राफ्ट खऱ्या अर्थानं कामाला लागलं ते या घागऱ्यामुळं, आणि ती युक्ती कॉकरेल यांची नव्हती हे सांगायला हवं.

चिखलातून रणगाड्यापर्यंत

१९६० नंतर ब्रिटिश फौजेनं या यानांसाठी वेगळी तुकडी उभी केली. १९६५ मध्ये बोर्निओच्या नद्यांत आणि दलदलीत ती वापरली. १९६६ पासून अमेरिकेनं व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या मुखाकडच्या पाणथळ भागात ही यानं नेली. ती ब्रिटिश नमुन्यावरच बांधलेली. भातखाचरं, लव्हाळी, चिखल, कालवे, काही आडवं येईना. पण आवाज एवढा की शत्रूला मैलभर आधी कळावं, आणि देखभालीचा खर्च डोळे पांढरे करणारा. यान छोटं होतं, पत्रा पातळ होता. त्यातली काही यानं तिथंच नष्ट झाली.

तरी धडा मिळाला होता. अमेरिकन नौदलानं पुढं एलकॅक नावाचं मोठं यान बांधलं. ते १९८० नंतरच्या दशकात दाखल झालं. लांबी सुमारे २७ मीटर. एक ६० टनी रणगाडा पोटात घेऊन ताशी ७० किलोमीटरच्या वर पळतं. मोठं जहाज किनाऱ्यावरून दिसणारही नाही इतकं दूर समुद्रात उभं राहतं, आणि त्याच्या पोटातून ही यानं निघतात. अमेरिकन नौदलाचा हिशेब असा, की साध्या बोटीनं जगातल्या जेमतेम १५ टक्के किनाऱ्यावर फौज उतरवता येते. हॉवरक्राफ्टनं ७० टक्क्यांच्या वर. म्हणजे शत्रूला आता मोजक्या जागा राखून भागत नाही, जवळजवळ सगळा किनारा राखावा लागतो. सोव्हिएत रशियानं तर त्याहून मोठं झुबर बांधलं. ५०० टनांच्या वर वजन, तीन रणगाडे किंवा शेकडो जवान एका खेपेत. जगातलं सगळ्यात मोठं लष्करी हॉवरक्राफ्ट ते हेच.

हीच यानं दुसऱ्या कामालाही आली. एप्रिल १९९१ मध्ये बांगलादेशात भीषण चक्रीवादळ झालं, लाखाच्या वर माणसं गेली. बंदरं मोडली, रस्ते वाहून गेले. आखाती युद्धातून परत निघालेली अमेरिकन जहाजं तिकडं वळली आणि त्यांच्या एलकॅकनी धान्य, पाणी, औषधं थेट चिखलाच्या किनाऱ्यावर नेऊन उतरवली. कॉकरेल तेव्हा ८० वर्षांचे होते.

त्यांच्या स्वतःच्या वाट्याला काय आलं? मान आला. १९६७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९६९ मध्ये सर हा किताब मिळाला. पण काम हातातून गेलं. १९६६ मध्ये हॉवरक्राफ्ट बनवणाऱ्या कंपन्या एकत्र करून एकच मोठी कंपनी करण्यात आली. स्पर्धा संपली की सुधारणाही संपते असं त्यांचं मत होतं. त्यांनी विरोध केला, कुणी ऐकलं नाही, त्यांनी राजीनामा दिला. ज्या यंत्राला त्यांनी नाव दिलं, त्याच्या पुढच्या वाटचालीत त्यांना जागा उरली नाही. पेटंटच्या हक्कापोटी बऱ्याच वर्षांनी त्यांना दीड लाख पौंड मिळाले. रक्कम ऐकायला बरी वाटते. पण इंग्लिश खाडीतून माणसं आणि मोटारी वाहणाऱ्या मोठ्या हॉवरक्राफ्टपासून ते फौजांच्या यानांपर्यंत जे उभं राहिलं, त्यापुढं ती काहीच नव्हती. शोध लावणाऱ्याला आपला देश कसं वागवतो, याबद्दल ते अखेरपर्यंत कडवटपणे बोलत राहिले.

हात मात्र थांबले नाहीत. १९७० नंतर खनिज तेल महागलं, तेव्हा समुद्राच्या लाटांवर वीज काढायची असं त्यांनी मनावर घेतलं. एकमेकांना बिजागरीनं जोडलेले तराफे लाटांवर वर-खाली होतील आणि त्या हालचालीतून वीज निघेल, अशी रचना. कॉकरेल यांचा तराफा म्हणूनच ती ओळखली जाते. छोट्या आकारात पाण्यावर चाचण्या झाल्या. पुढं सरकारनं लाटांच्या विजेचा पैसाच आखडला आणि तेही काम अर्धवट राहिलं.

सर ख्रिस्तोफर कॉकरेल १ जून १९९९ रोजी हॅम्पशायरमध्ये वारले. ८९ व्या वाढदिवसाला तीन दिवस बाकी होते, आणि पहिलं हॉवरक्राफ्ट लोकांसमोर आलं त्याला दहा दिवसांनी ४० वर्षं होणार होती. पुढच्याच वर्षी इंग्लिश खाडीतली मोठी प्रवासी हॉवरक्राफ्ट बंद झाली. बोगद्यातून जाणाऱ्या रेल्वेपुढं ती टिकली नाहीत. फौजांकडची चालूच आहेत.

भारतात रणगाडे उतरवणारी मोठी यानं नाहीत. पण तटरक्षक दलाकडं छोटी हॉवरक्राफ्ट आहेत. गुजरातमध्ये ओखा, तमिळनाडूत मंडपम, बंगालमध्ये हल्दिया अशा ठिकाणी, जिथं पाणी उथळ आणि चिखल फार, तिथं ती गस्त घालतात. आणखी सहा यानं बांधायचा ३८७ कोटी रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्यातल्या चौगुले कंपनीशी केला. नमुना इंग्लंडच्या ग्रिफन कंपनीचा आहे. त्यातल्या पहिल्या यानाची बांधणी २०२५ मध्ये गोव्यात सुरू झाली.